पोटात हलणारी पानं

येळवस चार दिवसांवर आली की आमच्या घरात भाज्यांचा वास सगळ्या खोल्यांतून फिरायला लागतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, त्याची ही तयारी. सुपात हरभऱ्याचा पाला, चाकवत, मेथी, कांद्याची पात, ओल्या तुरीचे दाणे. हे सगळं एका भांड्यात शिजून त्याची भज्जी होणार आणि शेतातल्या कडब्याच्या कोपीसमोर पानावर पडणार. तोवर नागाक्का सुपापुढं मांडी घालून बसते आणि एकेक पान हातात घेऊन उलटं करून बघते. वरची बाजू, खालची बाजू, देठ.

"अक्का, चाकवत आपल्या रानातला हाय. कोरड्या रानातला. त्याला काय व्हतंय?" मी विचारते.

"मला म्हाईत न्हाई व्हय? निस्तं बगायलेय."

नागाक्का माझ्या अप्पांची थोरली बहीण. लग्न होऊन भालकीकडं गेली, तीन वर्षांत विधवा होऊन परत आली, आणि तेव्हापासून हे घर तिच्याच आवाजानं जागं होतं. ती पान उजेडाकडं धरते. थंडीतलं ऊन पानातून गाळून तिच्या तोंडावर उतरतं, हिरवट, पाण्याखालून आल्यासारखं. आणि मला तो हिवाळा आठवतो. दरवर्षी आठवतो. चाकवताच्या वासाबरोबर तो न बोलावता घरात शिरतो आणि कोपऱ्यात बसून राहतो.

आमचं गाव बिदरकडं, कमठाण्याच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. माती लाल, दगड लाल, पावसाळ्यात अंगणातला ओघळही लाल. त्या लालात एकच हिरवी जागा, गावामागचं तळं. त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला आणि तळं मार्गशीर्ष आला तरी काठोकाठ होतं. सकाळी पाण्यावर धुकं असे. धुक्यात म्हशींची अंगं दिसत नसत, नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं दिसत, आणि कुठूनतरी फुर्र असा श्वास ऐकू येई. जणू तळंच श्वास घेतंय. काठाच्या चिखलात बोराच्या बीएवढ्या गोगलगायी असत, बारीक, तपकिरी, पाठीवर पीळ पडलेला शंख घेऊन. लहानपणी आम्ही त्यांचे रिकामे शंख दोऱ्यात ओवून बाहुलीच्या पायात पैंजण म्हणून घालत असू. त्या एवढ्याशा घरात कोण कोण वस्तीला असतं हे आम्हाला कुठं ठाऊक होतं!

अक्काची म्हैस होती. कप्पी. कन्नडात काळ्याला कप्पु म्हणतात, म्हणून कप्पी. अक्का तिच्याशी कन्नडात बोलायची, आमच्याशी मराठीत, आणि चिडली की कप्पीला आणि आम्हाला एकाच भाषेत शिव्या द्यायची. सकाळी कप्पीला तळ्यात सोडायचं आणि ती पाण्यात बसली की काठाकाठानं नाळीची भाजी खुडायची, हा अक्काचा नेम. नाळी पाण्यावर पसरते. देठ पोकळ, पान बाणासारखं, शेंडा इतका कोवळा की नखानं नाही, नुसत्या बोटानं तुटतो. अक्का ती जुडी तळ्यातच तीनदा बुचकळून काढायची, पदरात बांधायची, घरी येऊन लिंगपूजा करायची आणि मग न्याहारीला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कच्ची नाळी.

आई म्हणायची, "वन्सं, जरा तेलावर परता की."

"परतली की तिचा जीव जातंय. हिरवं हिरवंच खावं."

अक्काच्या लेखी जगात त्याहून शुद्ध अन्न नव्हतं. कुणी पेरलं नाही, कुणी विकलं नाही, कुणाच्या जिवाला मारलं नाही. पाण्यानं दिलं, पाण्यातच धुतलं.

मी तेव्हा बिदरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळची बस तिथल्या नौबाद नाक्यावर उतरवायची, संध्याकाळची परत आणायची. अक्षरं मी शाळेत जायच्या आधीच शिकले होते, अप्पांच्या पत्रकांवरून. अप्पांनी हयातभर पत्रकं वाटली. मुली देवदासी म्हणून सोडण्याविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, मराठी-कन्नड भांडणं लावून मतं मागणाऱ्यांविरुद्ध. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी झोपायची, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची. शाईचा वास मला दुधाच्या वासासारखा ओळखीचा आहे. आणि पत्रकाची एक सवय माझ्या अंगात पक्की मुरली होती. पत्रकात शंकेला जागा नसते. कागदच तेवढा असतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. बस चुकली म्हणून मी गावच्या स्टँडवर उभी होते. शेजारी मस्तानचाचाचं मटणाचं दुकान. निळ्या पत्र्याचं, पुढं गोणपाटाचा पडदा. आमच्या घरात मांस शिजत नाही, पण मस्तानचाचा घरचा माणूस होता. अक्काच्या म्हशीचं दूध रोज त्याच्या घरी जायचं, माझ्या जन्माआधीपासून. पडदा वाऱ्यानं सरकला तेव्हा चाचा बकऱ्याची कलेजी चिरत होता. सुरी आत गेली तशी वाळूवरून गेल्यासारखी करकरली आणि चिरेतून एक पान बाहेर आलं. खरंच पान. चपटं, राखाडी, कडा मुडपलेल्या, एखाद्या वाळक्या चिंचेच्या पानासारखं. मग ते हललं.

चाचानं सुरीच्या टोकानं ते नालीत उडवलं, कलेजीचा तेवढा भाग कापून बाजूला टाकला आणि बाकीची तोलायला घेतली.

"चाचा, ते काय होतं?"

"पत्ता है बेटी. तळ्याकाठी चरतंय ना, उस बकरे को होताच. माळावरचा बकरा देखो, कलेजी एकदम साफ."

दुसरं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं. मी ते घेतलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती उरलेली कलेजी होती, तराजूत, गिऱ्हाइकासाठी. बस येईपर्यंत मथळा तयार होता.

'कलेजीत कीड, गावाच्या पोटात कीड.' दोनशे प्रती. मी नाव लिहिलं नव्हतं, पण स्टँडवर मटणाचं दुकान एकच होतं. अप्पांनी पत्रक हातात धरून दोनदा वाचलं.

"मांडणी बरी केलीस. मस्तानला इचारलीस का?"

"अप्पा, पत्रक इचारून काढतेत का?"

अप्पांनी पत्रक गठ्ठ्यावर परत ठेवलं. त्यांच्याच एका जुन्या सभेतलं वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. आठवड्याभरात गोणपाटाच्या पडद्यापुढं कुणी उभं राहीनासं झालं. बसच्या खिडकीतून मला मस्तानचाचा रिकाम्या ठोकळ्यापुढं बसलेला दिसायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. शब्दानं काहीतरी हलतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्याच दिवसांत अक्का जेवणावरून उठायला लागली. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणे. दुपार कलली की अंग तापायचं, अंगाला खाज सुटायची. कुणी कावीळ म्हणालं, तर कुठल्याशा गावाहून काविळीची मुळी आली आणि अक्कानं ती दंडाला बांधली. एका दवाखान्यात आंबट ढेकरांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्यात ताकदीच्या. पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. तिचा आवाज, ज्यानं घर जागं व्हायचं, तो आधी बारीक झाला, मग सकाळी उशिरा यायला लागला, मग एके दिवशी आलाच नाही.

कप्पीचंही काहीतरी बिनसलं होतं. तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबायला लागली. दूध आटलं, बरगड्या मोजता येऊ लागल्या. पण म्हशीचं दुखणं गोठ्यात होतं आणि अक्काचं माजघरात, आणि मधल्या भिंतीतून कुणी आरपार पाहिलं नाही.

एका दुपारी मी अक्काच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. बाहेर शांत ऊन होतं, तुरीच्या फुलांवर माश्यांचा आवाज होता. अक्कानं डोळे मिटूनच म्हटलं, "माज्या पोटात पानं हालायलीत गं."

"कसली पानं?"

"लई हायीत. पाण्यात तरंगल्यावानी."

तापात माणूस काहीही बोलतं असं मला वाटलं. मी फडकं बदललं. आता वाटतं, शरीराला आपली भाषा असते आणि ती कधी कधी शास्त्राच्या आधी खरं बोलते. ऐकणारा मात्र लागतो.

येळवस आली आणि गेली. त्या वर्षी आमच्या कोपीत अक्का नव्हती. पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावायचं काम तिचं, ते आईनं केलं. आंबिलाच्या मडक्यापुढं हात जोडताना अप्पांचे ओठ नुसते हलत होते, आणि ते देवाला न मानणारे अप्पा काय मागत होते ते आम्हाला न विचारता कळत होतं. अक्का जगावी, एवढंच.

दोन दिवसांनी मस्तानचाचा दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी आतल्या खोलीत सरकले, पण आवाज तिथवर पोचत होता.

"अण्णा, दूध बंद होके महिना हुआ. अक्का आजारी है बोले. देखके जातो म्हटलं."

"या की आत," अप्पा म्हणाले.

"नक्को. तुमची पोरगी है ना आत? उसका कागद अच्छा था अण्णा. जाड. खिमा बांधने को एकदम बेस. अब खिमा लेनेवालाच नहीं, वो अलग बात."

अप्पा हसले नाहीत. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग चाचाची पावलं गोठ्याकडं वळली, थांबली, आणि त्याचा आवाज बदलला.

"अरे अण्णा, ही म्हैस कवापास्नं अशी हाय? गले के नीचे पानी उतऱ्या. इसके कलेजे में पत्ता हुआ है!"

"कशावरनं?"

"तीस साल हुए कलेजी कापायलोय मैं. जिसके गले को पानी, उसकी कलेजी में पत्ता. अक्का को क्या होता?"

अप्पांनी सांगितलं. ताप, बरगडीखालचं दुखणं, खाज. नंतर चाचानं हळू विचारलं, "अक्का कच्चा क्या खाती?"

मी बाहेर आले. त्याच्याकडं बघायचं धाडस नव्हतं म्हणून जमिनीकडं बघत म्हटलं, "तळ्यातली नाळी."

"तो देखो. मेरे घर में सब जनम से कलेजी खायलेत, किसीको कुछ नहीं. तळ्याकाठचं गवत खानेवाला बकरा मात्र बिमार. बात कलेजी की नहीं बेटी. गवत की है. मैं तेरेकू उसी दिन बोला था."

बोलला होता. माझ्या दोनशे प्रतींमध्ये ते वाक्य कुठंच नव्हतं.

कमठाण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आळंदच्या. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांनी कप्पीचं शेण नेलं आणि दुसऱ्या दिवशी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत एक सोनेरी थेंब होता, लांबट, एका टोकाला बारीकसं झाकण असलेला. इतकं देखणं काही मी क्वचित पाहिलं असेल.

"अंडं आहे," बाई म्हणाल्या. "शेणातून तळ्यात जातं. पाण्यात झाकण उघडतं, आतला जीव पोहत निघतो आणि गोगलगाय शोधतो. सापडली नाही तर दिवसभरात मरतो. सापडली तर तिच्या पोटात एकाचे शेकडो होतात. मग ते बाहेर पडतात, काठच्या पानावर चढतात, अंगाभोवती कवच करून घेतात आणि थांबतात."

"कशासाठी?"

"कुणीतरी पान खाईल म्हणून. म्हैस, शेळी, माणूस. त्याला सगळी सारखीच."

मी तो थेंब बघत राहिले. जातपात न मानणारा असा प्राणी अप्पांच्या एकाही पत्रकात मला भेटला नव्हता. आणि किती शांतपणे थांबतो! दवबिंदूच्या शेजारी, दवबिंदूएवढाही नाही. अक्काचा हात शेंडा खुडायला खाली येईपर्यंत.

"आणि कलेजी?" मी विचारलं. "कीड निघालेली कलेजी खाल्ली तर?"

"शिजवून खाल्ली तर या किड्यानं काही होत नाही. खराब भाग कापून टाकायचा, तो खाटीक टाकतोच. कामून विचारताय?"

कारण मी त्यांना सांगितलं नाही. त्या खोलीत पुरेसा उजेड होता, आणखी नको होता.

अक्काचा मैला तपासायला द्या, रक्त तपासा, पोटाची सोनोग्राफी करा आणि डॉक्टरांना म्हशीचा आजार आवर्जून सांगा, असं बाईंनी लिहून दिलं. बिदरच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली आणि वर बघून म्हणाले, "हे आधी कुणी बोललं असतं तर!" अक्काच्या मैल्यात तोच सोनेरी थेंब निघाला. माणसासाठी त्यावरचं औषध सहज मिळेना, डॉक्टरांनी बाहेरून मागवलं, यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी अक्काच्या शेजारी बसून राहायची आणि माझ्या मनात चीड उकळायची. जनावरांचा दवाखाना एका टोकाला, माणसांचा दुसऱ्या टोकाला, मध्ये एकच तळं. म्हैस आणि म्हशीची मालकीण एकाच काठावर, एकाच पाण्यात, एकाच पानानं आजारी पडतात. कागदावर मात्र त्यांची खाती वेगळी, साहेब वेगळे. दोन्हींच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडं बघणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याच्या दुकानाला मी गिऱ्हाईक ठेवलं नव्हतं.

चिडीचं बोट फिरून फिरून माझ्याकडंच यायचं. मी मांस न खाणाऱ्या घरातली. घाण असलीच तर ती सुरीच्या बाजूला असणार, पानाच्या बाजूला नाही, हे मी कधी ठरवलं नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं. माणसामाणसात शुद्ध-अशुद्ध मानू नका असं लिहिलेल्या कागदांवर झोपून मी मोठी झाले, आणि शुद्ध-अशुद्ध माझ्या उशीखालीच होतं.

अक्काला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती छताकडं बघत होती. "म्या तर जन्मात मांसाला शिवले न्हाई," ती म्हणाली. मग, "तीनदा धुत व्हते की गं."

"तळ्यातच ना, अक्का?"

तिनं डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं गेलं. मला वाटतं, त्या दिवशी तिला रोगापेक्षा पाण्याचं जास्त लागलं.

औषधाचे दोन डोस अक्कानं घेतले. त्याच आठवड्यात बाईंनी कप्पीला नळीनं औषध पाजलं. गोठ्यातून कप्पीचं खाकरणं ऐकून अक्का आतून ओरडली, "गीळ गं, गीळ! म्या गिळले तसं तूबी गीळ!" कितीतरी दिवसांनी घर हसलं, आणि हसता हसता आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. अक्काच्या पोटातली पानं हळूहळू थांबली. शिवरात्रीला ती स्वतः उठून अंगणात आली. जबड्याखालची पिशवी उतरलेली कप्पी तिच्याकडं बघून हंबरली, आणि अक्कानं तिला कन्नडात एक सणसणीत शिवी दिली. घर जागं झालं.

मग मी दुसरं पत्रक लिहिलं. ते घेऊन मस्तानचाचाच्या रिकाम्या दुकानात गेले. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून पडद्याआड उभी राहून वाचून दाखवलं. पहिल्या ओळीत माफी होती, लांबलचक, चांगल्या शब्दांतली.

चाचा ठोकळ्यावरच्या सुरीला बोट लावत ऐकत होता. "हौ," तो म्हणाला. "लेकिन माफी पयली कैकू? लोगां पयली लाईनच पढते, बाद में कागद फेक देते. पयले लिख, तळ्यातली भाजी शिजवून खाव. जनावराला साल में दो बार दवा पिलाव. माफी नीचे डाल. बची जगह तो."

मी तसंच केलं. माफी सगळ्यात खाली, बारीक अक्षरात बसली, पण या वेळी त्याचं नाव आणि माझं नाव दोन्ही लिहिली. पत्रक फिरलं. पंचायतीनं म्हशींसाठी बोअरच्या पाण्याचा हौद बांधला. बायका नाळी शिजवायला लागल्या. गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. ते पळवायला माझा एक कागद पुरला होता; परत आणायला पुरला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मस्तानचाचानं निळे पत्रे काढले आणि दुकान बिदरच्या मैलूर भागात नेलं. स्टँडवर आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मी अजून लिहिते. पण मथळा सुचला की माझा हात थोडा थांबतो, आणि मी आधी विचारायला जाते. कधी कधी बस चुकते. चुकू दे.

अक्का शेवटचं पान खाली ठेवते. येळवशीच्या पहाटे चूल पेटते, भांड्यात हिरवं खाली बसतं, वाफेत रंग गडद होत जातो. "वर भाकरी ठेव, झाकण घट्ट लाव," ती सांगते. पहिला डबा देवाआधी भरला जातो, तो मैलूरचा. गेली काही वर्षं तो मीच नेते.

चाचा दुकानातच झाकण उघडतो. वाफ त्याच्या चष्म्यावर बसते आणि क्षणभर त्याला काही दिसत नाही. तो चष्मा न पुसता तसाच माझ्याकडं बघतो.

"नीट शिजली ना गे?" तो दरवर्षी विचारतो.

"अक्कानं सवता बघितलीय, चाचा. एकेक पान."

"फिर तू भी खा पयले," तो म्हणतो आणि डबा माझ्यापुढं सरकवतो.